तिसरं कडवं

थेल्मा झारूबा त्या मंगळवारी दुपारी पावणेदोनला स्टुडिओत शिरली, तेव्हा तिच्या पिशवीत मध घातलेल्या गरम पाण्याचा थर्मास, ज्येष्ठमधाच्या गोळ्या आणि एका गाण्याची तीन पानं होती. काम सरळ होतं. गाण्याची दोन कडवी आधीच झालेली होती, तिसरं गायचं होतं. पाचच्या बसने परत निघायचं, वाटेत बहिणीसाठी लोकर घ्यायची, एवढाच तिचा बेत. तारीख बारा ऑक्टोबर, साल एकोणीसशे चोपन्न. वाळवंटाकडचा कोरडा वारा सकाळपासून सुटला होता आणि हॉलिवूडच्या टेकड्या धुळीने पुसट झाल्या होत्या.

पडद्यावर नटी तोंड उघडते आणि गाणं ऐकू येतं. ते गाणं थेल्माचं असे. अठरा वर्षांत तिने अकरा नट्यांना आवाज दिला होता. एकीसाठी ती थोडं नाकात गाई, दुसरीसाठी शेवटचा सूर किंचित थरथरवून सोडी. नटीच्या बोलण्यातून गाण्यात जाताना पाहणाऱ्याला कुठे सांधा दिसता कामा नये, ही तिची कला. आणि कुणाला सांगता कामा नये, ही करारातली अट. नेब्रास्कातली तिची आई वारली ती 'आमची थेल्मा सिनेमावाल्यांकडे शिवणकाम करते' याच समजुतीत. आईने गावच्या थिएटरात थेल्माचं एक गाणं तीनदा जाऊन ऐकलं होतं आणि पत्रात त्या नटीचं पानभर कौतुक केलं होतं. थेल्माने ते पत्र फाडलं. मग संध्याकाळी बसून पुन्हा चिकटवलं.

या खेपेला मात्र गोष्ट वेगळी होती. लिनेट डेव्हरो स्वतः गात नाही, ही कुजबुज दोन-तीन वर्तमानपत्रांपर्यंत पोचली होती. निर्माते होबार्ट यांनी विचार केला, की उद्या कुणी चोरी पकडण्यापेक्षा आपणच मोठ्या मनाने सांगून टाकावं. चित्रपटाच्या नामावळीत एक ओळ येणार होती: गायन, आणि पुढे नाव. ते नाव थेल्माचं असेल, असा शब्द त्यांनी ऑगस्टमध्ये दिला होता. तेव्हापासून थेल्मा रात्री झोपताना ती ओळ डोळ्यांपुढे आणून बघत असे. अक्षरं केवढी असतील, पांढरी असतील की पिवळी. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला शोभणारं नव्हतं ते, पण बघत असे.

ध्वनिमुद्रणाची इमारत चर्चएवढी उंच होती आणि तिला एकही खिडकी नव्हती. भिंतींवर जाड लोकरीचे पडदे. दार लागलं की पाण्याखाली गेल्यासारखे कान दडपून जात. आत तापलेल्या धुळीचा आणि जुन्या लोकरीचा वास. एका टोकाला सिनेमाचा पडदा, मधे माइक, आणि मागे काचेची खोली. त्या खोलीत एमिल सोरेन्सन बसे. साठीचा, तोंडात न पेटवलेला पाइप.

"ये बाई," एमिल काचेमागून भोंग्यातून म्हणाला. "घसा आणलास की घरी विसरलीस?"

"तू कान आणलेस का ते बघ. मागच्या वेळी माझा पंचम खाल्लास."

"खाल्ला नाही. त्या नटीच्या अंगावर तो घट्ट होत होता, म्हणून जरा उसवला."

थेल्मा हसली. एमिल तिला अठरा वर्षं ओळखत होता.

त्याने काम समजावून सांगितलं. गाणं फेब्रुवारीत ओपल रेनरने गायलं होतं. ओपल ही लिनेटची नेहमीची गाणारी. चार चित्रपट तिनेच गायलेले. तिच्या टेपवर ओठ हलवून लिनेटने शूटिंग केलं. मग उन्हाळ्यात दिग्दर्शकाला गाणं अपुरं वाटलं. त्याने तिसरं कडवं लिहून घेतलं आणि लिनेटला नुसत्या पियानोवर ओठ हलवायला लावून ते चित्रित करून टाकलं. आवाज नंतर भरू म्हणाला. तोवर ओपल जूनमध्येच मरून गेली होती. आता थेल्माने तिसरं कडवं असं गायचं होतं, की पहिल्या दोन कडव्यांतली बाईच पुढे गाते आहे असं वाटावं.

"म्हणजे मी लिनेटची सावली नाही," थेल्मा म्हणाली, "सावलीची सावली."

"दुपारी साडेचारपर्यंत. मग तू आपली झारूबा."

पडद्यावर लिनेटचा चेहरा उमटला. फिल्मची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून माळ केलेली होती, त्यामुळे तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहायचा. लिनेट धक्क्यावर उभी, वाऱ्यात केस, तोंड उघडं. तुकडा संपला की पुन्हा धक्का, पुन्हा केस, पुन्हा तोंड. थेल्माने त्या ओठांवर नजर रोवली.

एमिलने बटण दाबलं आणि नेहमीप्रमाणे टेपवर घोषणा केली, "लिनेट डेव्हरो, टेक एक."

ही तिथली रीत होती. गाणारी माइकपुढे उभी असे, आणि प्रत्येक टेकच्या आधी नाव मात्र नटीचं पुकारलं जाई. टेपच्या डब्यावर तेच नाव, कागदावर तेच, आणि गाणारीने सहीसुद्धा नटीच्या नावाने करायची. उद्या एखादी टेप बाहेर गेली तरी तिच्यावर खरं नाव सापडू नये, म्हणून. खोलीत दोनच माणसं असत, दोघांनाही सगळं ठाऊक, तरी एमिल बायबलवर हात ठेवल्यासारख्या गंभीर आवाजात ते खोटं बोले. पहिल्या वर्षी थेल्माला त्याचं हसू यायचं. मग राग यायला लागला. मग राग बसून राहिला, भांड्याच्या तळाला गाळ बसतो तसा.

पहिला टेक झाला. दुसराही झाला.

"फार छान गातेस," एमिल म्हणाला, "तीच पंचाईत आहे. ओपल शब्दाच्या शेवटाला दात लावायची. रागावल्यासारखी."

"कुणावर?"

एमिलने पाइप या गालातून त्या गालात नेला. "हेडफोन लाव. डाव्या कानात तिचं दुसरं कडवं देतो. ते संपलं की तू तिथूनच उचल."

थेल्माने हेडफोन चढवला आणि काढून हुंगला. "याला लवंगेचा वास येतोय."

"ओपल लवंग चघळायची. पण तिला जाऊनच चार महिने झाले. रोज पुसतात तो."

तिने पुन्हा चढवला. काळोखात पडद्यावरचा चेहरा फिरू लागला.

"लिनेट डेव्हरो, टेक तीन."

"नाही," डाव्या कानात एक बाई म्हणाली.

आवाज हळू होता. ओरडून नव्हे, दार लावून घेताना म्हणावं तसा.

थेल्मा थांबली. "काय नाही?"

"मी कुठे काय म्हटलं?" एमिल म्हणाला.

"मग टेपवर असेल. जुनं काही."

"असेल. पुढे चल. लिनेट डेव्हरो, टेक चार."

या वेळी कानात कुणी बोललं नाही. ओपलचं दुसरं कडवं सुरू झालं. आवाज थेल्माच्या ओळखीचा होता, कितीदा थिएटरात ऐकला होता, पण असा कानाला लागून कधीच नाही. पीळ घातलेल्या दोरीसारखा. कडवं संपलं. आता टेप कोरी व्हायची होती आणि थेल्माने उचलायचं होतं. तिने तोंड उघडलं.

टेप कोरी झाली नाही. ओपल पुढे गात राहिली.

ती तिसरं कडवं गात होती. शब्द तेच, थेल्माच्या हातातल्या पानावरचे. पानाच्या कोपऱ्यात कवीने तारीख घातली होती, वीस ऑगस्ट. ओपलला जूनमध्ये पुरलं होतं. थेल्मा तोंड उघडं ठेवून उभी राहिली आणि कानात ती मेलेली बाई, जे शब्द तिला कधी कुणी दिलेच नव्हते ते, एकेक तोडून फेकत होती. शेवटचा सूर तर इतका रागाचा होता, की थेल्माचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"गायली का नाहीस?" भोंग्यातून एमिलने विचारलं.

"एमिल... डाव्या कानात काय लावलंयस?"

"दुसरं कडवं. मग कोरी पट्टी."

"कोरी नाहीये ती."

एमिलने टेप मागे नेऊन स्वतः ऐकली. नुसती खरखर. मग त्याने नुकताच मुद्रित केलेला चौथा टेक लावला. थेल्मा त्यात गायलीच नव्हती, तेव्हा तिथे शांतताच असायला हवी होती. मोठ्या भोंग्यातून आधी एमिलची घोषणा आली, "लिनेट डेव्हरो, टेक चार." आणि लगेच, माइकच्या अगदी जवळून,

"नाही."

एमिलने पाइप तोंडातून काढून टेबलावर ठेवला. त्याने असं करताना थेल्माने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो काचेच्या खोलीतून बाहेर आला आणि तिच्याशेजारच्या स्टुलावर बसला.

"फेब्रुवारीत ती इथेच उभी होती," तो हळूच म्हणाला. "मी लिनेटचं नाव पुकारलं. ती म्हणाली, नाही. मी पुन्हा पुकारलं. पुन्हा नाही. म्हणाली, एमिल, एकदाच माझं नाव घे, नंतर टेप कापून टाक हवी तर, पण या खोलीत एकदा माझं नाव उच्चार. होबार्ट काचेमागे बसले होते. ते म्हणाले, पुकारत राहा. मी दहा वेळा पुकारलं, थेल्मा. दहा वेळा."

"आणि?"

"अकराव्यांदा ती गायली. घरी आजारी नवरा होता तिचा." एमिलने डोळे चोळले. "जूनमध्ये ती गेली तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. ओपल रेनर, स्टुडिओतली टायपिस्ट. इथूनच तसं कळवलं होतं. तिला टायपिंग येत नव्हतं."

 थेल्माचे कान तापले होते. भीती होतीच, पण भीतीच्या खालून दुसरंच काही वर येत होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि बाहेरचा उजेड आत पडला. होबार्ट आले होते. उंच, गुळगुळीत दाढी, अंगावर फिकट सूट, तोंडावर नेहमीचं बापासारखं हसू.

"काय म्हणतेय आमची कोकिळा?" त्यांनी हातातला काळा पुठ्ठा पुढे केला. "बघा तरी. आजच रंगवून आला."

पुठ्ठ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: गायन – थेल्मा झारूबा.

अक्षरं पिवळी नव्हती, पांढरी होती. रंग अजून पुरता वाळला नव्हता. थेल्माने पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला. आपलं नाव इतकं मोठं लिहिलेलं तिने शाळेतल्या फळ्यावरसुद्धा पाहिलं नव्हतं.

"पण पहिली दोन कडवी ओपलची आहेत," ती म्हणाली. "आणि बाकीची तीन गाणीही."

"हो की."

"मग तिचं नाव?"

"थेल्मा, एकच ओळ आहे. दोन नावं लिहिली की लोक विचारतात, लिनेटला किती आवाज लागतात? हसं होईल पोरीचं. आणि मेलेल्या माणसाला नाव घेऊन काय करायचंय? तिला थोडंच कुठे काम मागायला जायचंय? तुम्हाला जायचंय." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "टाकू ना हेच?"

आता सांगायला सोपं आहे, की तिने तिथल्या तिथे पुठ्ठा परत करायला हवा होता. पण अठरा वर्षं. अकरा नट्या. आईचं चिकटवलेलं पत्र.

"हो," थेल्मा म्हणाली. "टाका."

एमिलने तिच्याकडे पाहिलं आणि तो काचेमागे गेला. होबार्ट त्याच्याशेजारी बसले. दिवे मालवले. लिनेटचा चेहरा फिरू लागला. धक्का, केस, तोंड.

"लिनेट डेव्हरो, टेक पाच."

हेडफोनमध्ये ओपलचं कडवं आलं नाही. खरखरही आली नाही. डाव्या कानात एवढी शांतता होती, की पलीकडे कुणीतरी श्वास रोखून ऐकतंय असं वाटावं. लवंगेचा वास दाट झाला, डोळ्यांना झोंबू लागला. थेल्मा गायली. सगळं पणाला लावून गायली, ओपलसारखे शब्दांना दात लावून, ओठांची एकही हालचाल न चुकवता. संपल्यावर तिला स्वतःलाच कळलं, की याहून चांगलं होणार नाही.

"वा," होबार्ट म्हणाले. "ऐकव रे."

एमिलने टेक लावला. घोषणा आली. त्यापुढे थेल्माचा आवाज नव्हता. तिने गायलेल्यातला एक शब्दही टेपवर उतरला नव्हता. तिथे एक बाई म्हणत होती, "नाही." मग थोडं थांबून, जरा जवळून, "नाही." मग आणखी जवळून. दहा वेळा. थेल्मा मनातल्या मनात मोजत होती. दहाव्या वेळी भोंग्याची जाळी थरथरली.

"मशीन बिघडलंय," होबार्ट म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तोच. "एमिल, दुसरं लाव. या बाईंचा वेळ जातोय."

थेल्मा हेडफोन काढून माइकपासून दूर झाली. आधी तिला राग आला तो त्या मेलेल्या बाईचाच. मी काय वाकडं केलंय तुझं, असं तिला काळोखात ओरडावंसं वाटलं. मीही अठरा वर्षं इथेच उभी आहे, मलाही कुणी हाक मारलेली नाही. आणि हे मनात म्हणता म्हणताच तिला आपल्या हातांवरचा रंग दिसला. पुठ्ठ्यावरचं पांढरं तिच्या बोटांना लागलं होतं. नाव तिचं, आवाज ओपलचा. लिनेटने जे केलं तेच. आणि लिनेटला निदान कुणी विचारलं तरी नव्हतं. थेल्माला विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती.

"मिस्टर होबार्ट," ती म्हणाली. "दोन्ही नावं टाका. तिचं आधी."

"आपलं ठरलंय."

"मी मोडतेय. दोन्ही नावं, नाहीतर तिसरं कडवं नाही."

होबार्ट काचेच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. हसू तेच होतं, फक्त डोळ्यांतून उतरलं होतं. "बाई, डिसेंबरअखेरपर्यंत तुमचा आवाज आमचा आहे. कराराची प्रत घरी असेल, वाचा. नाव हा आमचा चांगुलपणा होता. आवाज हा आमचा माल आहे."

"माल," थेल्मा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. "दहा वेळा तिला उभं केलंत. मेल्यावर तिला टायपिस्ट केलंत. आणि आता मला तिच्या अंगावरचे कपडे काढून घालायला सांगताय, वर म्हणताय चांगुलपणा. माझा आवाज तुमचा आहे ना? मग घ्या. घेता आला तर घ्या."

तिने पिशवी उचलली. दाराशी जाऊन ती वळली. "एमिल, यापुढे तिची टेप लावशील तेव्हा तिचं नाव घेऊन लाव. तेवढं तरी कर."

बाहेर ऊन आणि वारा होता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. थेल्मा बसथांब्यापर्यंत चालत गेली आणि तिथल्या बाकावर बसून रागाने रडली. लोकर घ्यायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकर्सफील्डला बहिणीकडे निघून गेली आणि तीन आठवडे तिथे राहिली. वकिलाची नोटीस येईल म्हणून रोज टपालाची वाट पाहिली. नोटीस आली नाही, फोन नाही, काहीच नाही. बहीण अल्बिना म्हणाली, "गुमान बसले म्हणजे घाबरले." थेल्माला तसं वाटत नव्हतं, पण तिनेही बहिणीच्या होला हो केलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या एका शनिवारी ग्लेनडेलच्या थिएटरात त्या चित्रपटाचा पहिला खेळ होता, दुपारचा. अल्बिना बेकर्सफील्डहून आली आणि तिने हट्टाने तिकिटं काढली. नामावळी आली. कपडे कुणी शिवले, केस कुणी विंचरले, सगळं होतं. गायन ही ओळच नव्हती. ओपल नाही, थेल्मा नाही. थेल्माने ओठ चावले. निदान तिसरं कडवंही नसेल, तिने स्वतःला समजावलं. ते कापावंच लागलं असेल.

धक्क्याचा प्रसंग आला. ओपलने पहिलं कडवं गायलं, दुसरं गायलं. मग लिनेटने वाऱ्यात मान वळवली, तोंड उघडलं, आणि तिसरं कडवं सुरू झालं.

ते थेल्माच्या आवाजात होतं.

ओपलची नक्कल करणाऱ्या थेल्माच्या आवाजात नव्हे. लिनेटसाठी घडवलेल्या आवाजातही नव्हे. अकरा नट्यांसाठी ती जो आवाज घरी ठेवून येई, भांडी घासताना, अंघोळ करताना जो निघे, जाड, नेब्रास्काच्या मातीचा, 'र' जरा जास्त घोळवणारा, तो. हा आवाज तिने कधी कुठल्या माइकपुढे काढला नव्हता.

"अगं," अल्बिनाने तिला कोपर मारलं, "तू म्हणालीस गायलेच नाही. ही तर आपली घरातली थेल्मा."

"मी गायले नाही."

"मग काय, कुणी तुझी नक्कल करतंय?"

 आयुष्यभर थेल्माने दुसऱ्यांचे गळे असे उचलले होते, की त्यांच्या आयांनाही कळू नये. आता कुणीतरी तिचा उचलला होता, तिच्या सख्ख्या बहिणीला कळू न देता.

सोमवारी अकरा वाजता ती एमिलच्या काचेच्या खोलीत उभी होती. इतकी चिडलेली, की टोपीसुद्धा काढली नव्हती.

"कोण होती ती? कुणाला उभं केलंत माझ्या नावावर?"

एमिल तिच्याकडे बघतच राहिला. "थट्टा करतेस का?"

"एमिल."

"तू आलीस. त्याच आठवड्यात, गुरुवारी, दोन वाजता. ही टोपी, हाच कोट. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, मला वाटलं अजून रागात आहेस. मी म्हटलं, थेल्मा, तुझं ऐकलं मी, आज नाव बरोबर घेतो. आणि होबार्ट नव्हते म्हणून घेतलं. तू एका टेकमध्ये गायलीस. पंचवीस वर्षांत असा टेक मी मुद्रित केलेला नाही."

"गुरुवारी मी बेकर्सफील्डला सफरचंदाचा मुरंबा भरत होते. शंभर मैलांवर."

एमिलने खणातून एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला. स्टुडिओचा कागद होता. माझं नाव चित्रपटात कुठेही नको, आज नाही आणि पुढेही नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली सही. नटीची नव्हे, थेल्मा झारूबा. झेडचा तो आडवा फाटा, जो तिच्या बापाने तिला चेक लोकांच्या पद्धतीने काढायला शिकवला होता, तोसुद्धा जागच्या जागी होता.

"हे तूच लिहून दिलंस," एमिल म्हणाला. "होबार्टना ते फारच आवडलं."

थेल्माने तो कागद इतका घट्ट धरला, की तो मधोमध फाटला. मी तिच्यासाठी भांडले, तिच्या मनात आलं. मग तिला तो मंगळवार आठवला, आणि ती हो म्हणाली होती ते.

"टेप लाव," ती म्हणाली.

एमिलने टेप लावली. आधी त्याचाच आवाज, जरा अवघडलेला: "ओपल रेनर, टेक एक."

त्यानंतर कुणीतरी एक लांब श्वास सोडला, खूप वाट पाहत बसलेलं माणूस सोडतं तसा. मग तिसरं कडवं सुरू झालं. थेल्मा ते शेवटपर्यंत उभ्यानेच ऐकत राहिली. ओपलने तिचा गळा तिच्याहून चांगला वापरला होता.

टेप संपून रीळ नुसतं फिरू लागलं, तेव्हा भिंतीवरचा फोन वाजला. एमिलने उचलला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. त्याने रिसीव्हर थेल्माच्या कानाशी धरला.

फाटकावरचा पहारेकरी होता. "साहेब, मिस झारूबा आल्यात. आज यादीत त्यांचं नाव नाही, पण त्या म्हणतायत उरलेलं काम आहे. आत सोडू का?"

थेल्माने 'नको' म्हणायला तोंड उघडलं. घशातून काही निघायच्या आधीच पलीकडचा माणूस, फोनवर तिचाच होकार ऐकून घेतल्यासारखा, अदबीने म्हणाला,

"बरं बाई. सोडतो."